गाडवाटेवरील सायकल

शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे फाटकातून ज्या सायकली बाहेर पडतात, त्यांच्या सांप्रत दोन जाती दिसतात. एक, वडिलांच्या किंवा आजोबांच्या हाताखालून आलेली, काळी, उंच, मागे लोखंडी कॅरिअर असलेली साधी सायकल. दुसरी, जाड खाचेदार टायरांची, रंगीबेरंगी, दांडीवर ‘एम्‌टीबी’ ही अक्षरे मिरविणारी. या अक्षरांचा अर्थ डोंगरी सायकल असा आहे. ही दुसरी जात आपल्या अंगणात उभी असावी म्हणून पुष्कळ मुले घरी हट्ट धरतात, आणि पुष्कळ पालक आम्हांस विचारतात की, इतका पैसा घालण्याजोगे त्या सायकलीत आहे तरी काय? प्रश्न रास्त आहे. शेतकऱ्याच्या घरी कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, आणि त्यांस वाटेकरी पुष्कळ असतात. म्हणून डोंगरी सायकल कोठून आली, पाचोऱ्याच्या आसपास तिला भूमी कशी मिळते, आणि त्या भूमीवर साधी सायकल कोठवर पुरी पडते, याचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्ही योजिले आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. या खेळात जमिनीची ओळख प्रथम, यंत्र मागाहून.

नवल असे की, डोंगरी सायकल जन्मास आली ती जुन्या सायकलींतूनच. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. इ. स. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण १९३० व १९४० च्या सुमाराच्या जड, फुग्यासारख्या टायरांच्या सायकली भंगारातून स्वस्तात मिळवीत व डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यांनी खाली सोडीत. अशा सायकलीस बहुधा मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक असे. पायडल उलटे दाबले म्हणजे तो लागे. उतरता उतरता तुंबा इतका तापे की, आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि खेप संपली की तुंबा उघडून ग्रीस नव्याने भरावे लागे. पुन्हा भरणे यास इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात. तेच नाव त्या उतारास व तेथील शर्यतीस पडले. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. पुढल्या वर्षी जो ब्रीझ याने मुद्दाम या कामासाठी सायकलीचा सांगाडा घडविला. १९८१ साली ‘स्टम्पजंपर’ नावाची कारखान्यात तयार झालेली डोंगरी सायकल बाजारात आली, आणि १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळाले. वीस वर्षांत भंगारातील सायकल ऑलिंपिकपर्यंत पोहोचली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्याकडील माणसांस कच्च्या वाटेवर सायकल हाकण्यास कोणा परदेशीयाने शिकविले असेही नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल चालून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. त्या काळी डोंगरी सायकल हे नावही कोणास ठाऊक नव्हते. वाटेत सडक असेल तेथे सडकेने, नसेल तेथे वाळूतून व खडकांतून, आणि चालवता येत नसेल तेथे सायकल लोटीत किंवा उचलून, अशी त्यांची रीत होती. आमचे दूधवाले आजही हेच करतात. फक्त त्यांच्या प्रवासाची वार्ता कोणी छापीत नाही.

आता आपल्या भूमीकडे वळू. पाचोरा हिवरा नदीच्या काठी वसले आहे. पश्चिमेकडे गिरणेचे खोरे. दक्षिणेस व आग्नेयेस अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रेघ. पिंपळगाव हरेश्वर किंवा सातगाव डोंगरी या बाजूस निघाले म्हणजे ती रेघ हळूहळू जाड होते, मग तिच्यात घळी व झाडे दिसू लागतात. हे डोंगर खानदेशाच्या अंगास तुटलेले व मराठवाड्याच्या अंगास पठारासारखे सपाट आहेत; म्हणून आपल्या बाजूची प्रत्येक चढण खडी असते. सर्व प्रदेशाचा पाया एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी बनलेला काळा खडक. तोच झिजून सखल भागात काळी माती झाला, डोंगराच्या पायथ्याशी मुरूम झाला, आणि नदीनाल्यांत वाळू होऊन बसला. यामुळे पाचोऱ्याहून निघालेल्या सायकलस्वारास अर्ध्या दिवसात चार प्रकारची भूमी भेटते: काळी माती, वाळू, मुरूम व उघडा खडक. मोठमोठ्या शहरांतील लोक मोटारीवर सायकली लादून अशी भूमी शोधीत जातात. आमच्या मुलांस ती शेताच्या बांधापासून लाभते.

या भूमीवरील पहिला धडा चाकोरीचा. बैलगाडीच्या चाकांनी गाडवाटेवर ज्या दोन खोल रेघा पडतात त्यांस चाकोरी म्हणतात, हे खेड्यातील मुलांस सांगावयास नको. पावसाळ्यात ओल्या मातीत पडलेली चाकोरी कार्तिकात वाळून विटेसारखी कठीण होते. सायकलीचे पुढील चाक तीत शिरले म्हणजे नवशिका घाबरून हँडल वळवितो, चाकाची बाजू चाकोरीच्या भिंतीस घासते, आणि स्वार हँडलावरून पुढे जातो. याचे कारण असे की, सायकल उभी राहते ती सतत थोडी थोडी डावी-उजवीकडे वळून. ज्या बाजूस तोल जाईल त्या बाजूस चाक वळविले म्हणजे तोल सावरतो. चाकोरीत चाकास वळण्यास जागाच उरत नाही, मग तोल सावरावा कसा? म्हणून चाकोरीत शिरलाच तर वेग किंचित वाढवावा, नजर चाकापुढे न ठेवता आठ-दहा पावले पुढे ठेवावी, हँडल सैल धरावे, आणि भिंत बसकी झालेली जागा येईपर्यंत वाट पाहावी. तेथे पुढील चाक हलके करून तिरपे नव्हे तर शक्य तितके आडवे, एकदम बाहेर काढावे. याहून चांगला मार्ग म्हणजे दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा धरणे. त्यावर गवत असते, कधी दगडही असतो. पण तोल आपल्या हाती राहतो.

पाचोरा ते जामनेर ही अरुंदमापी रेल्वे, जिला सर्व लोक ‘पीजे’ म्हणत, ५६ किलोमीटर धावत असे. २०२० साली साथीच्या काळात ती थांबली. तिचे रूळ ज्यांनी सायकलीने ओलांडले आहेत त्यांस वरील नियमाची सत्यता पटेल. रुळास काटकोनात गेलेली सायकल खडखडून पार होई; तिरपी गेलेली सायकल स्वारास खाली ठेवून जाई. पोलादी रूळ काय आणि मातीची चाकोरी काय, चाकास दोन्ही सारखीच.

वाळूचा धडा आम्हांस एका दूधवाल्याने दिला. हिवाळ्यातील एका रविवारी वरच्या वर्गातील काही मुलांसह आम्ही एका कोरड्या नाल्यापाशी आलो. मुलांनी जोराने पायडल मारून वाळू ओलांडण्याचा चंग बांधला. पाच-सात हातांवर प्रत्येकाचे चाक रुतले. इतक्यात मागून एक गृहस्थ आले. साधी काळी सायकल, मागे दोन्ही अंगांस दुधाच्या किटल्या. वाळू सुरू होण्यापूर्वीच ते उतरले, एक हात हँडलावर व एक सीटवर ठेवून सायकल लोटीत पलीकडे गेले, आणि आमच्या पुढे निघून गेले. जाताना आपल्या खानदेशी बोलीत त्यांनी जे सांगितले त्याचा भावार्थ असा: वाळूत बसून गेले तर गाडी थकते, उतरून गेले तर माणूस थकतो; माणूस पाणी पिऊन बरा होतो, गाडीला मिस्त्री लागतो. मुले हसली खरी, पण परतीच्या वेळी सर्वजण वाळूपूर्वीच उतरले. या खेळात उतरणे यात कमीपणा नाही. ऑलिंपिकमधील स्वारही प्रसंगी उतरून सायकल खांद्यावर घेतात.

काळ्या मातीविषयी मात्र उपाय थोडा, सावधगिरीच अधिक. ही माती पाणी पिऊन फुगते व उन्हात आटून भेगाळते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर तीतून सायकल नेली तर दहा हातांत टायरावर मातीचे बूट चढतात. ती माती मडगार्डात व ब्रेकात ठासून बसते, आणि चाक फिरेनासे होते. १८९७ साली अमेरिकेच्या सैन्यातील २५ व्या पायदळाची एक कृष्णवर्णीय शिपायांची तुकडी लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखाली मिझूला या ठाण्याहून सेंट लुईसपर्यंत सुमारे १,९०० मैल सायकलींवरून गेली. वाटेतील चिकट मातीने त्यांचीही अशीच त्रेधा उडविली; चाके लाकडीने खरवडीत व सायकली ढकलीत त्यांस जावे लागले. सैन्याची जेथे ही गत, तेथे इतरांनी हट्ट करण्यात अर्थ नाही. शिवाय ओल्या गाडवाटेवर पडलेला प्रत्येक चर पुढे वाळून तसाच राहतो, आणि त्याचा त्रास ज्याची कापसाची गाडी त्या वाटेने यावयाची त्यास होतो. आषाढ-श्रावणात काळ्या शिवारातील वाटा सोडून द्याव्या व मुरमाड रस्ता धरावा. खरा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत.

आता काट्यांविषयी. खानदेशातील सायकलस्वाराचा खरा शत्रू चढण नव्हे, काटा होय, आणि या बाबतीत परदेशी पुस्तकांपेक्षा आमच्या नाक्यावरील पंक्चरवाले अधिक जाणते आहेत. मुख्य काटे दोन. बाभळीचा काटा लांब, पांढरा व सरळ. शेताभोवती बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्यांचे कुंपण असते, त्यातून तो वाटेवर येतो. दुसरा सराटा, ज्यास वैद्य गोखरू म्हणतात. हे वेल जमिनीसरसे पसरते, फूल पिवळे व देखणे, आणि फळ वाळले म्हणजे त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकडा अशा घडणीचा असतो की, कसाही पडला तरी एक काटा आकाशाकडे राहतोच. बाभळीचा काटा एका जागी भोक पाडतो. सराट्याच्या गालिच्यावरून गेलेल्या ट्यूबची चाळण होते. म्हणून बांधाच्या कडेस पिवळी फुले दिसली की चाक तिकडे जाऊ देऊ नये, आणि विसाव्यास सायकल आडवी टाकण्यापूर्वी खालची जमीन पाहावी.

काटा रुतलेला दिसला तर काय करावे? सराट्याचा तुकडा टायराच्या रबरातच अडकला असेल तर तत्काळ काढावा, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी तो आत आत जातो. परंतु लांब काटा पुरता आत गेला असून हवा हळूहळूच जात असेल, आणि गाव जवळ असेल, तर त्यास हात न लावता गावापर्यंत जावे. जोवर तो भोकात आहे तोवर तोच बुचाचे काम करतो. पंक्चर रानातच काढण्याची वेळ आली तर भोक सापडणे हे अर्धे काम. पाण्याचे भांडे नसेल तर ट्यूबमध्ये हवा भरून ती ओठांजवळून सावकाश फिरवावी. ओठांच्या कातडीस बारीक फुंकरही जाणवते. भोकाभोवतालची जागा काचकागदाने खरखरीत करावी, सोल्यूशन पातळ लावावे, आणि ते बोटास चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. येथेच उतावीळ मुले फसतात. ओल्या सोल्यूशनवर बसविलेले ठिगळ कोसभरातच सुटते. शेवटी, ट्यूब आत घालण्यापूर्वी टायराच्या आतून चिंधी फिरवावी. आत काटा राहिला असेल तर चिंधी अडकेल. बोट फिरविले तर काटा सापडेल हे खरे, पण तो बोटात सापडेल.

टायरात हवा किती असावी, याचा हिशेब शाळेत शिकविलेल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. स्वार व सायकल मिळून वजन ७० किलो, पैकी मागच्या चाकावर सुमारे ४२ किलो, असे धरा. टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास साडेतीन किलो असेल, तर ४२ किलो पेलण्यास ४२ भागिले साडेतीन, म्हणजे सुमारे १२ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीस टेकते. दाब २.१ किलोवर आणला तर २० चौरस सेंटिमीटर टेकते. म्हणजे हवा कमी केली की पाऊल रुंद होते. रुंद पाऊल वाळूत कमी रुतते व मुरमावर कमी घसरते. उंटाच्या पावलात हीच युक्ती आहे. मग साध्या सायकलीची हवा का सोडू नये? तर तिचा टायर अरुंद असतो. हवा कमी झाली की दगडावर आपटून ट्यूब रिम व दगड यांमध्ये चिमटली जाते, व तीत सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. जाड टायरास खाली दबण्यास जागा असते, म्हणून तो कमी हवेवर चालतो. डोंगरी सायकलीच्या जाड टायराचे मर्म एवढेच. दिखाऊपणाशी त्याचा संबंध नाही.

दुसरे मर्म गिअरचे. याचाही हिशेब करून पाहू, आणि वरच्या वर्गातील मुलांनी तो वहीत पडताळून पाहावा. साध्या सायकलीस पुढे ४४ दाते व मागे १८ दाते असतील, तर पायडलचा एक फेरा झाला म्हणजे मागचे चाक ४४ भागिले १८, सुमारे २.४४ फेरे फिरते. चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर, अर्थात एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४५ मीटर पुढे जाते. आता दहास एक अशी चढण घ्या, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटर उंची. ७० किलो वजन वर नेण्यास चाकापाशी सुमारे ७ किलोचा जोर लागतो. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटर लांब असेल तर एका फेऱ्यात पाऊल सुमारे १.०७ मीटर फिरते. पायाने केलेले काम व चाकाने केलेले काम सारखे असावयाचे, म्हणून पायावर येणारा जोर ७ गुणिले ५.४५ भागिले १.०७, म्हणजे सरासरी सुमारे ३६ किलो. पाय तर मुख्यतः खाली जातानाच जोर देतो; तेव्हा त्या क्षणी भार याहून पुष्कळ अधिक पडतो. सातवीतल्या मुलाचे सर्व वजन एवढे नसेल!

डोंगरी सायकलीस पुढे २२ व मागे ३२ दाते अशी हलकी जोडी असते. तेथे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक पाऊण फेराही फिरत नाही. सायकल सुमारे १.४२ मीटर जाते. वरील त्रैराशिकाने पायावरील सरासरी जोर सुमारे सव्वानऊ किलो येतो. चढण तीच, वजन तेच. जोर एक-चतुर्थांशावर आला, पण फेरे जवळजवळ चौपट मारावे लागले. यंत्र काही फुकट देत नाही. जाता जाता सांगतो की, ज्यांच्या लीलावतीतील त्रैराशिक शतकानुशतके पाठशाळांत घोटले गेले, त्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे मिळाला आहे. हिवाळ्यात तेथे जाणाऱ्या मुलांनी तो इतिहास जाणून जावे.

पाटणादेवीचे ते रान आता गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. तेथे मनास येईल त्या पायवाटेने सायकल घालता येत नाही. वनखात्याच्या फाटकावर नोंद करून, त्यांनी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यानेच, दिवसाउजेडी जावे व यावे. तेथे बिबट्याचे वास्तव्य आहे हे पालकांनी ध्यानी ठेवावे. औट्रम या नावाचा घाट जवळच आहे. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम तो हाच. त्या घाटाच्या हमरस्त्यावर मुलांनी सायकल नेऊ नये, असे आम्ही निक्षून सांगतो. चढण जड जाते म्हणून नव्हे, तर वळणावळणावर मोटारी असतात म्हणून.

चढणीविषयी इतके लिहिले. उतरणीविषयी अधिक लिहिले पाहिजे, कारण हातपाय मोडतात ते उतरणीवर. कोरड्या कच्च्या वाटेवर सायकलीचा वेग दर सेकंदास सुमारे ११ किलोमीटर ताशी इतकाच कमी करता येतो असे धरले, तर ताशी १० किलोमीटर वेगाची सायकल ब्रेक लागल्यापासून सव्वा मीटरात थांबेल, २० च्या वेगाची पाच मीटर घेईल, आणि ३० च्या वेगाची साडेअकरा मीटर घेईल. वेग तिप्पट, पण अंतर नऊपट. यात धोका डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाण्यास लागणारा अवकाश धरलेलाच नाही. ब्रेक लावताच सायकलीचा भार पुढील चाकावर येतो, म्हणून खरे थांबविण्याचे काम पुढील ब्रेक करतो; तो एकदम आवळला तर मात्र मुरमावर चाक घसरते किंवा स्वार पुढे उलटतो. दोन्ही ब्रेक हळूहळू, बोटांनी दाबीत व सोडीत लावावे. बूड सीटवरून उचलून मागे न्यावे, दोन्ही पायडल सारख्या उंचीवर ठेवावी, कोपर व गुडघे सैल असावे. वळणावर ब्रेक लावू नये. वळणापूर्वी लावून वेग उतरवावा आणि मग वळावे.

साध्या काळ्या सायकलीची मर्यादा येथे येते. तिचे दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक सपाट शिवारात पुरेसे आहेत. लांब उतरणीवर, विशेषतः रिम ओली असता, ते पुरे पडत नाहीत. अशा सायकलीने गाडवाट, पांदी, तलावाचा बांध, मुरमाड माळ हे सर्व खुशाल हिंडावे. डोंगराच्या उतरणीवर मात्र उतरून चालावे.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. ज्या सायकलीच्या दांडीवर ‘एम्‌टीबी’ लिहिले आहे ती प्रत्येक सायकल डोंगरी असतेच असे नाही. स्वस्त सायकलीस पुढे-मागे जाड स्प्रिंगा बसवून दिल्या म्हणजे मुलांचे डोळे दिपतात. पण हलक्या प्रतीची स्प्रिंग वजन वाढविते, आणि मागची स्प्रिंग तर प्रत्येक पायडलसरशी दबून पायाचा जोर गिळते. घ्यावयाचीच असेल तर मागे स्प्रिंग नसलेली, दोन्ही ब्रेक चांगले असलेली, आणि पाचोऱ्यातच जिचे सुटे भाग मिळतात अशी सायकल घ्यावी. मूल दोन्ही पाय जमिनीवर टेकून मधल्या दांडीवर उभे राहिले असता मध्ये दोन-तीन बोटे अंतर राहिले पाहिजे. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून सदरा मोठा घ्यावा, सायकल घेऊ नये. मुलींसाठी घेताना चेनवर झाकण असावे, म्हणजे ओढणी अडकणार नाही. पैसे बेताचेच असतील, तर नव्या सायकलीपेक्षा जुनीचे टायर, ब्रेकचे रबर व चेन बदलून घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांतून एक चांगले शिरस्त्राण आणावे. हा खर्च आमच्या मते टाळण्याजोगा नाही.

शिवारातील धोक्यांपैकी एकाविषयी आम्हांस फार चिंता वाटते. खानदेशात विहिरी पुष्कळ, आणि त्यांपैकी कित्येकींस कठडा नाही. गवत वाढले म्हणजे जमिनीसरसे त्यांचे तोंड दहा हातांवरूनही दिसत नाही. अनोळखी शेतात, बांध सोडून, आडमार्गाने सायकल कधीही घालू नये. संध्याकाळी तर नाहीच. उन्हाचीही गोष्ट तशीच. वैशाखात येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत घरी परतावे, आणि तासास निदान अर्धा लिटर पाणी बरोबर असावे. एकट्याने जाऊ नये. कोणत्या वाटेने जात आहोत हे घरी सांगून जावे.

राहिली गोष्ट वाटेच्या मालकीची. शिवारातून जाणारी प्रत्येक वाट सर्वांची असते असा मुलांचा समज असतो, व शिवारातील प्रत्येक वाट आपली असते असा काही शेतकऱ्यांचा. दोन्ही समज पुरते खरे नाहीत. गावच्या महसूल दप्तरी गावनकाशा असतो. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. तेथून जाण्यास कोणाची मनाई नाही. बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा हक्क १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने शेतकऱ्यास तहसीलदाराकडून मिळू शकतो; पण तो शेती करणाऱ्याचा हक्क आहे, सहलीस निघालेल्या सायकलस्वाराचा नव्हे. म्हणून बांधावरून जावयाचे तर शेतात जो कोणी असेल त्यास हाक मारून विचारावे. आमचा अनुभव असा की, विचारले असता नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. उलट कोणत्या विहिरीचे पाणी गोड आहे व पुढे कुत्री कोठे आहेत हेही तो सांगतो. पेरलेल्या वाफ्यात चाक घालू नये, उघडलेले कुंपण पुन्हा लावावे, आणि कापसाची गाडी समोरून आली तर सायकल उचलून बाजूस घ्यावी. भरल्या गाडीस चाकोरी सोडता येत नाही, सायकलीस येते.

पुढील कार्तिकात वरच्या तीन वर्गांतील मुलामुलींची एक फेरी पिंपळगाव हरेश्वरच्या बाजूने डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेण्याचा आमचा विचार आहे. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी पालकांची चिठ्ठी आणावी, आणि त्यापूर्वी शाळेच्या मागील पटांगणात, आमच्या देखत, आपल्या हाताने एक पंक्चर काढून दाखवावे. सायकल काळी असो की रंगीत, ती आम्ही पाहणार नाही. ब्रेक मात्र दोन्ही पाहू.